चंद्रबळ आणि कीर्दखतावणी

स्वारगेट म्हणजे पुण्यातील सदा गजबजलेला नाका. सातारा-सोलापूरकडील एस.टी. गाड्या, शहरातील बसगाड्या आणि सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो ह्या सर्वांची तेथे गाठ पडते. गुलटेकडीचा मार्केट यार्डही जवळच आहे. ह्या नाक्यावर उतरणारा व्यापारी भोळा नसतो. मिरचीच्या पोत्यात हात घातल्यावाचून तो पैसा सोडीत नाही. परंतु हाच गृहस्थ सौद्यावर सही करण्यापूर्वी मोबाइलवर आपली रास काढतो, आणि 'आज चंद्र आठवा, मन अस्थिर राहील, मोठे निर्णय टाळावेत' एवढे वाचून सौदा परवावर ढकलतो! पोत्यातील मालाचा नमुना मागणारा हा मनुष्य ह्या मालाचा नमुना का मागत नाही, असा आमचा त्यास प्रश्न आहे. ज्या आमच्या व्यवसायबंधूंनी राशिभविष्याचे रकाने चालवून ही सवय लावली, त्यांस आम्ही ह्या दोषातून वगळीत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, चंद्र हा मनाचा कारक. विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र उत्पन्न झाला, ही पुरुषसूक्तातील कल्पना भव्य आहे, आणि कल्पना म्हणून आम्हांस ती प्रियही आहे. फलज्योतिषाने मात्र तीवर व्यवहाराचे नियम उभारले. आमच्याकडील जन्मरास ही चंद्राचीच रास. साडेसाती मोजावयाची तीही तिच्यावरूनच. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, आणि जन्मराशीपासून चौथा, आठवा व बारावा चंद्र अनिष्ट. आता व्यापाऱ्याने हा हिशेब करून पाहावा. बारांपैकी तीन राशी वर्ज्य म्हणजे वर्षाचे तीन महिने वर्ज्य! इतके दिवस ज्याचे मन परस्वाधीन, त्यास उधारीवर माल कोण देईल?

बरे, चंद्र कोणत्या राशीत आहे, ह्याबद्दल तरी एकवाक्यता आहे काय? पंचांगातील गणित आकाशाशी जुळावे म्हणून पुण्यात एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे ह्यांनी खटपट केली, व पुढे त्याच वादातून टिळक पंचांग निघाले. हे पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवतीतील ताऱ्यापासून धरते. दाते पंचांग व इतर बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्याच्या समोरील बिंदूपासून धरतात. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते, आणि तेवढे चालण्यास चंद्रास सात तासांहून अधिक वेळ लागतो. तात्पर्य, दर सात-आठ बालकांमागे एकाची रास एका पंचांगाप्रमाणे मेष असेल तर दुसऱ्याप्रमाणे वृषभ! त्या बालकाचे मन कोणत्या छापखान्याच्या आज्ञेत वागणार? आकाशातील चंद्र एकच आहे. भांडण मोजपट्टीच्या आरंभाचे आहे. अशा मोजपट्टीवरून कोणाचा स्वभाव ठरविणे म्हणजे दोन गावांच्या वेगवेगळ्या पायल्यांनी एकच धान्य मापून, धान्य बदलले असे म्हणण्यासारखे आहे.

अमावास्येची गोष्ट याहून गमतीची. त्या दिवशी नवे काम नको, प्रवास नको, असे म्हणणारा आमचा व्यापारी लक्ष्मीपूजन करून वह्यांची पूजा करतो ती आश्विन अमावास्येस, म्हणजे आकाशात चंद्र दिसत नाही त्याच रात्री! तमिळ मुलखात तर अमावास्या नव्या कार्यास शुभ मानतात. चंद्राचा गुण मुलूख बदलला की बदलत असेल, तर तो गुण चंद्राचा नव्हे, त्या मुलखातील लोकांचा होय.

'समुद्रास भरती येते, मग शरीरातील पाण्यास का येऊ नये?' हा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर. तिच्या जवळच्या व दूरच्या अंगांवरील चंद्राच्या आकर्षणात जो फरक पडतो, त्यामुळे भरती येते. साडेपाच फुटांच्या देहात हा फरक नगण्य आहे. एवढे मोठे खडकवासल्याचे धरण, पण पौर्णिमेस त्याचे पाणी काठावर चढल्याचे कोणी पाहिले आहे काय? तथापि खरे ते मान्य केले पाहिजे. सन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पौर्णिमेपूर्वीच्या काही रात्री लोक उशिरा व कमी झोपतात, असे अर्जेंटिनातील वस्त्यांत व अमेरिकेतील एका शहरातही आढळले. जागरणाने माणूस चिडचिडा होतो, हे कोणीही कबूल करील. पण त्या जागरणाचा जन्मराशीशी काही संबंध दिसलेला नाही.

नमुना तपासण्याचे काम पुण्यातच एकदा झाले आहे. सन २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे ह्यांनी हुशार मुले व विशेष शाळांतील बौद्धिक वाढ मंद असलेली मुले अशा दोनशे मुलांच्या कुंडल्या जमविल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून उत्तरे दिली. नाणे उडवूनही निम्मी बरोबर यावीत. ह्यांची सरासरी निम्म्यालाही पोचली नाही, आणि सर्वांत यशस्वी ज्योतिष्याची चाळीसांपैकी चोवीस उत्तरे बरोबर आली. ही कसोटी बुद्धीची होती, मनाच्या लहरीची नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ज्यांस कुंडलीवरून जन्माची बुद्धी ओळखता आली नाही, त्यांस त्याच कुंडलीवरून मंगळवार सकाळची लहर ओळखता येईल, हे मानण्यास आधार कोणता?

ज्यास आमचे म्हणणे पटत नसेल, त्याने आपल्या कीर्दीशेजारी एक वही ठेवावी. वर्षभर प्रत्येक मोठा सौदा, त्याचा नफातोटा व त्या दिवसाचा चंद्र तीत लिहावा. मात्र चंद्राचे घर वर्षअखेरीस पंचांग पाहूनच भरावे, आधी नव्हे. ह्यास खर्च एका वहीचा.

सौदा दोन दिवस लांबला तर नुकसान पैशाचे. खरी हानी घरात होते. मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत नाही, बोलत नाही, सून एकटीच रडते. आणि वडीलधारी मंडळी म्हणतात, 'चंद्र बिघडला आहे, मोती घाला, सोमवार धरा.' मोती करंगळीत चढतो, महिने जातात, आणि औषधाने आटोक्यात येणारे दुखणे हाताबाहेर जाते. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेतून अशा उपचारांचा हक्क प्रत्येकास दिला आहे. स्वारगेटहून मेट्रोत बसावे, जिल्हा न्यायालयापाशी गाडी बदलावी, म्हणजे येरवड्यास पोचता येते. तेथील मनोरुग्णालयात रोग्यास त्याची रास विचारीत नाहीत.