बाळाच्या वाटीत साखर कशासाठी?

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं अन्न सुरू करायचं, हे आता बहुतेक घरांत माहीत असतं. पण ते अन्न आपल्याकडे गोडानंच सुरू होतं. आधी उष्टावणाची खीर, मग साखर घातलेलं नाचणी सत्त्व, गुळाचा शिरा आणि दुधात कुस्करलेलं ग्लुकोज बिस्कीट. "गोड नसेल तर ते तोंडसुद्धा उघडत नाही, डॉक्टर," असं आई सांगते आणि शेजारी बसलेली आजी मान डोलावते.

मला याबद्दल स्पष्टच बोलायचं आहे. पहिली दोन वर्षं बाळाच्या वाटीत साखर, गूळ, मध यांपैकी काहीही वरून घालण्याची गरज नाही. आपण ते बाळासाठी घालत नाही, स्वतःच्या समाधानासाठी घालतो.

उष्टावणाला माझा विरोध नाही. मामाच्या मांडीवर बसवून बोटाच्या टोकानं खीर जिभेला लावली, तर काही बिघडत नाही. माझं भांडण दुसऱ्या दिवसापासून रोज येणाऱ्या गोड वाटीशी आहे.

साखरेनं नेमकं काय बिघडतं?

सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक मोठी वाटी मावते. आईच्या पोटात असताना साठवलेलं लोह सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतं आणि आईच्या दुधात लोह फार कमी असतं. म्हणजे या छोट्या वाटीतून लोह, प्रथिनं, जस्त मिळालं तर मिळालं. ती जागा बिस्किटानं भरली तर पोट भरतं, बाळ भूक लागली म्हणून रडत नाही आणि घरातले खूश होतात. पोषण मात्र बाहेरच राहतं. पाकिटावरचा तक्ता वाचा: ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळपास पाव भाग साखर असते आणि उरलेला बराचसा भाग मैदा.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं जेमतेम ११ टक्के होती. याला गरिबी आणि इतरही कारणं आहेत. पण ज्या घरात डाळ आहे, अंडं आहे, पालेभाजी आहे, त्या घरातल्या बाळाच्या वाटीत फक्त गोड खीर का असावी?

दुसरं नुकसान दातांचं. वरचं अन्न आणि पहिला दात साधारण एकाच सुमारास येतात. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात आधी किडतात. "दुधाचे दात, पडायचेच आहेत" असं म्हणू नका. ते सहा-सात वर्षं चावायला लागतात, आणि किडलेला दात दुखू लागला की मूल जेवणच सोडतं.

"पण त्याला गोडच आवडतं!"

आवडणारच. गोडाची आवड बाळ जन्मतःच घेऊन येतं. आईचं दूधही गोडसर असतं. गोड खायला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते वरण, पालक, दुधी, अंडं. नवीन चव बाळ पहिल्यांदा थुंकतं, तोंड वाकडं करतं. त्याचा अर्थ "आवडलं नाही" असा नसतो, "ओळख नाही" असा असतो. तीच भाजी आठ-दहा वेळा, थोडी थोडी, जबरदस्ती न करता द्यावी लागते. आपण तिसऱ्या वेळेला धीर सोडतो आणि साखरेचा डबा उघडतो. त्या क्षणी बाळ एवढंच शिकतं की तोंड वाकडं केलं की गोड मिळतं.

"गूळ तर पौष्टिक आहे ना?"

गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. त्यातलं लोह इतकं थोडं की बाळाची गरज भागवायला बाळाला न झेपेल इतका गूळ खाऊ घालावा लागेल. खडीसाखर म्हणजे तर मोठ्या खड्यांची साखरच.

मधाबद्दल मात्र कडक शब्दांत सांगतो: एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही, घुटीतूनही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, बाळ लुळं पडतं आणि श्वासही थांबू शकतो. हे क्वचित घडतं, पण घरच्या साध्या उकळण्यानं हे बीजाणू मरत नाहीत.

तयार पाकिटांच्या बाबतीत समोरचं चित्र पाहू नका, मागची घटकांची यादी वाचा. साखर, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, मध ही सगळी एकाच घरातली मंडळी. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ च्या सूचनांमध्ये ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना जास्त साखरेचे पदार्थ आणि गोड पेयं देऊ नयेत असं म्हटलं आहे.

मग द्यायचं काय?

- मऊ भात, घट्ट मुगाचं वरण, वर चमचाभर तूप. वरणाचं नुसतं पाणी नको.
- नाचणीची घट्ट पेज, साखरेशिवाय.
- कुस्करलेला लाल भोपळा, रताळं, गाजर, डाळीत शिजवलेला पालक.
- घरात चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं, काटे काढलेले मासे, बारीक केलेलं चिकन, सहाव्या महिन्यानंतर लगेच.
- गोड हवंच असेल तर कुस्करलेलं केळं, चिकू. रस नाही, अख्खं फळ कुस्करून.
- आईचं दूध दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ चालू ठेवा. आशाताई देतात ते लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा न चुकता द्या.

शेवटचं, आजी-आजोबांसाठी. नातवंडाला गोड द्यावंसं वाटणं ही माया आहे, ती मी जाणतो. पण बाळाला आज साखरेतली माया कळत नाही. तुमच्या मांडीवर बसून, तुमच्या हातून, गप्पा मारत खाल्लेला वरणभाताचा घास कळतो. तुमच्या हातात चमचा आहेच. फक्त त्यात काय घ्यायचं ते बदला.