पत्रास कारण की... : तीन प्रश्न, तीन दारं

बालमित्रांनो,

सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्यातून आठवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. सोबत तिनं आणखी एक पत्र जोडलंय. ते मात्र मला नाही. त्यावर पत्ता आहे : 'मा. साहेब, विद्यापीठ, परभणी.' ती लिहिते, "आमच्या घरात लिहायचं काम माझ्याकडं असतं. बाबा सांगतात, मी लिहिते. हे पत्र टाकू का? पत्ता बरोबर आहे ना?"

अक्षर अगदी मोत्यासारखं! पण थांब बाळ, एवढ्यात तिकीट लावू नकोस.

पत्रात तीन गोष्टी आहेत. तूर फुलात आलीय आणि मधली मधली झाडं वाळतायत. गाय दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नाही. आणि दादाला बारावीनंतर अन्नतंत्रज्ञान शिकायचंय, तर अर्ज कुठं करायचा? तिन्ही प्रश्न घराच्या पोटापाण्याचे. म्हणून तर ते योग्य माणसाच्या हातात पडायला हवेत.

पहिला घोळ 'विद्यापीठ' या शब्दातच आहे. परभणीतली कला, वाणिज्य, विज्ञान शिकवणारी महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. ते विद्यापीठ १९९४ साली सुरू झालं. आपल्या मैत्रिणीला हवंय ते कृषी विद्यापीठ. ते परभणीत १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. २०१३ पासून त्याचं नाव आहे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ.

पण हे विद्यापीठ म्हणजे काही एक इमारत नाही, बरं का! मोठा वाडाच समजा. परभणीत कृषी, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, उद्यानविद्या अशी वेगवेगळी महाविद्यालयं आहेत. पूर्वीचं गृहविज्ञान महाविद्यालय आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झालंय. आणि या वाड्याच्या काही खोल्या तर चक्क दुसऱ्या गावांत आहेत! कापसाचं संशोधन नांदेडला, तुरीचं आणि इतर कडधान्यांचं जालना जिल्ह्यातल्या बदनापूरला, गळीत धान्यांचं लातूरला, सीताफळाचं अंबाजोगाईला.

गंमत म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरसुद्धा या खोल्यांचे पत्ते असतात. तुरीच्या 'बी.डी.एन. ७११' या वाणातली अक्षरं बदनापूरची. कापसाच्या 'एन.एच.एच. ४४' मधला पहिला 'एन' नांदेडचा. भेंडीच्या 'परभणी क्रांती'नं तर गावाचं अख्खं नावच घेतलंय. घरात रिकामी पिशवी असेल तर वाचून पाहा.

आता प्रश्न एकेक करून घेऊ.

गाईचं आधी. कारण गाय पोस्टमनची वाट पाहू शकत नाही! तिच्यासाठी पत्र लिहायचंच नाही. बाबांना आजच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवायचं. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते आता कृषी विद्यापीठाचं नाही. आधी होतं. २००० साली नागपूरला पशू आणि मत्स्य विज्ञानाचं वेगळं विद्यापीठ निघालं, त्याच्याकडं ते गेलं. जागा तीच, मालक दुसरा. जुन्या माणसांना विचारलंत तर ती अजूनही जुनाच पत्ता सांगतील.

आता तूर. सर्वांत जवळचं दार म्हणजे तालुका कृषी कार्यालय. ते राज्य शासनाच्या कृषी खात्याचं, विद्यापीठाचं नव्हे. विद्यापीठाला लिहायचं तर 'संचालक, विस्तार शिक्षण' असं लिहावं. संशोधकांना कळलेलं शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं हेच या विभागाचं काम. पण झाडं रोज वाळतायत ना? मग किसान कॉल सेंटरला फोन लावा : १८००-१८०-१५५१. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

फोन करा नाहीतर पत्र लिहा, 'तूर वाळली' एवढ्यावर तिकडच्या माणसाला काय कळणार? वाण कोणता, पेरणी कधीची, जमीन भारी की हलकी, पाणी साचतं का, एखाददुसरं झाड वाळतंय की पट्टाच्या पट्टा, हे सगळं सांगावं लागतं. वाळलेल्या झाडाचं खोड उभं चिरून पाहा. आत काळपट रेषा दिसल्या तर तेही सांगा. मर रोगात अशा रेषा दिसतात. डॉक्टरकडं गेल्यावर आपण नुसतं 'दुखतंय' म्हणून थांबतो का? कुठं, कधीपासून, हेही सांगतोच की!

राहिला दादा. अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय परभणीत १९७६ पासून आहे. तिथं जाऊन काय शिकवतात ते जरूर पाहावं. पण प्रवेशाचं दार मुंबईला आहे! या पदवीचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात आणि ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. मुख्य म्हणजे तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. 'निकाल लागू दे, मग बघू' असं म्हणत बसलं, तर हुशार मुलाचंही वर्ष वाया जातं. पालकांनो, ही ओळ तुमच्यासाठीही आहे.

शेवटी पिनकोड. परभणी शहराचा ४३१४०१ आणि कृषी विद्यापीठाचा ४३१४०२. एका आकड्याचाच फरक, पण त्या आकड्यानं टपाल कार्यालय बदलतं! पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा जिल्हा कळतो, शेवटच्या तिनांवरून वाटप करणारं कार्यालय. ही पद्धत काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच. संस्कृतचे मोठे कवीसुद्धा! पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. म्हणजे आपलं कृषी विद्यापीठ पिनकोडहून तीन महिन्यांनी मोठं.

तर मैत्रिणी, तुझं पत्र चांगलंच आहे, फक्त त्याचे तुकडे कर. गाईसाठी दवाखाना, तुरीसाठी आधी फोन आणि मग पत्र, दादासाठी प्रवेश कक्ष. एका पत्रात एकच प्रश्न. 'मा. साहेब'ऐवजी हुद्दा लिही. साहेब बदलतात, हुद्दा तिथंच राहतो. तारीख टाक, स्वतःचा पूर्ण पत्ता दे आणि नक्कल वहीत उतरवून ठेव. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर रुसायचं नाही. 'अमुक तारखेच्या पत्राची आठवण' म्हणून दुसरं टाकायचं.

घरात लिहिणारं माणूस तू आहेस. तुझ्या चार नेमक्या ओळींवर तुरीचं शेत आणि दादाचं वर्ष अवलंबून आहे. हे काही लहान काम नव्हे!

आणि हो, गाय चारा खायला लागली की मला नक्की कळव. ते पत्र मात्र माझ्याच पत्त्यावर टाक.

तुमचा,
पत्रकाका