जंत एक नव्हे, ठिकाणहि एक नव्हे

“एकदां जंत होऊन वांचलेलें जनावर पुढें पक्कें होतें,” असा समज आमच्या शेतकरीबंधूंत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि गोठ्यांत अर्धें सत्य फार महाग पडतें, असें आमचें मत आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. एकाच शिवारांत जमिनीची प्रत निराळी व म्हणून आकारहि निराळा, हें आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें. जनावराच्या शरीराचेंहि तसेंच आहे. रक्त एकच, पण फुप्फुस, पोट व यकृत हीं ठिकाणें जंताशीं सारख्या रीतीनें झुंजत नाहींत.

फुप्फुसांतील जंताचा धडा गुरांचें शरीर लवकर शिकतें. याच गुणावर ब्रिटनमध्यें १९५९ सालीं, क्ष-किरणांनीं दुर्बळ केलेल्या अळ्यांची, तोंडावाटे पाजावयाची लस निघाली.

मेंढीच्या चौथ्या पोटांतील रक्तशोषक जंताची गोष्ट वेगळी. असा एक जंत दिवसाकाठीं सुमारें ०.०५ मिलिलिटर रक्त घालवितो. ५,००० जंत असल्यास पाव लिटर झालें. कोकरांस प्रतिकारशक्ति उशिरां येते, आणि विण्याच्या सुमारास मेंढीची आलेली शक्तिहि ओसरते. “ही पक्की आहे” म्हणून आम्हीं औषधावांचून ठेविलेली एक मेंढी व्याल्यावर जबड्याखालीं पाणी उतरून मेली. चूक आमचीच.

यकृतांतील चपट्या जंतास तर बहुतेक जातींच्या मेंढ्या दुसऱ्या वेळींहि तितक्याच बळी पडतात. गाईबैलांच्या पित्तनलिका जाड व कठीण होऊन थोडा अटकाव होतो. उष्ण प्रदेशांतील अशा चपट्या जंतास इंडोनेशियांतील बारीक शेपटीची मेंढी मात्र, तो यकृतांत शिरण्यापूर्वींच, पोटाच्या पोकळींत मारते. झुंज कोठें होते यावर निकाल असा अवलंबून असतो.

तस्मात् सर्व कळपास एकच तारीख व एकच औषध हा शिरस्ता सोडावा. शेण व लेंड्या तपासून जंत कोणता तें आधीं ठरवावें. गाभण व व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरें यांकडे प्रथम पाहावें. चपटा जंत पाणथळींतील गोगलगायींतून वाढतो, म्हणून तेथें चराई टाळावी. गोल जंतावरील औषध चपट्यास लागू पडेलच असें नाहीं. आणि मात्रा वजनाप्रमाणेंच द्यावी. अपुऱ्या मात्रेनें जनावर पक्कें होत नाहीं, जंत मात्र होतात.