संशोधकाची टिपणे संशोधकाच्याच हाती

पीएच.डी.ची नोंदणी झाली की पहिल्या काही महिन्यांतच विद्यार्थ्याकडे साहित्याचा ढीग जमतो. पुस्तकांच्या पानांचे फोटो मोबाइलच्या गॅलरीत, लेखांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर, मुलाखती रेकॉर्डरमध्ये आणि सुचलेले मुद्दे वहीच्या मागच्या पानावर. प्रत्यक्ष प्रकरण लिहायला बसल्यावर एखादे वाक्य नेमके आठवते, पण ते कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरचे, हे काही केल्या सापडत नाही. या शोधाशोधीत महिने जातात आणि शेवटी संदर्भाविना विधान करण्याची पाळी येते. नोट्स ठेवायला आणि लेखनाचा आराखडा बांधायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच संशोधनाच्या पद्धतीचा आहे. संगणकाच्या जाणकारांवर सोपवून मोकळे होण्यासारखा तो नाही.

नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. गुजरातची हद्द जवळ. या भागात घरी मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि अहिराणी असा व्यवहार चालतो. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भिल्ली भाषांच्या भागात मावचीची नोंद आहे. या गावातल्या एखाद्या विद्यार्थिनीने मावचीतील शेतीविषयक शब्दांचा किंवा २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचा अभ्यास हाती घेतला, तर तिच्या एकाच कामात चार भाषा, दोन लिप्या, ध्वनिमुद्रणे, ग्रामसभेच्या ठरावांच्या छायाप्रती आणि इंग्रजी लेख एकत्र येतात. ‘उत्तम नोट्स ॲप’ म्हणून ज्यांची जाहिरात होते, ती हे काम डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली नसतात. निवड तिलाच आपल्या गरजेवरून करावी लागेल.

त्यासाठी आधी संगणकापूर्वीच्या एका मराठी मुलखातल्या कामाकडे पाहावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत शब्दकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासूनचे सुमारे १,५०० ग्रंथ अभ्यासकांनी वाचून काढले आणि शब्दागणिक चिठ्ठ्या केल्या. त्यांची संख्या सुमारे एक कोटी झाली. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण, आणि ग्रंथातील नेमके स्थळ. चिठ्ठ्या करण्यात पंचवीस वर्षे गेली आणि कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. ज्यांनी सुरुवातीच्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांच्याखेरीज दुसऱ्याच पिढीतले संपादक आज त्या वापरतात. हे शक्य झाले, कारण प्रत्येक चिठ्ठी स्वतःपुरती पूर्ण होती. ती कोणी लिहिली हे माहीत नसले तरी तिचा अर्थ लागतो, आणि ती रांगेतून काढून दुसरीकडे लावली तरी तिचा संदर्भ तुटत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनीही आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांना क्रमांक दिले आणि एका चिठ्ठीतून दुसरीकडे जाण्याच्या खुणा केल्या. आजची अनेक नोट्स ॲप्स त्यांचे नाव घेतात. पण ही शिस्त सॉफ्टवेअर विकत घेऊन येत नाही. एका टिपणात एकच मुद्दा, त्याच टिपणात ग्रंथ आणि पृष्ठ, लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत आणि आपले मत वेगळ्या ओळीत. हे चार नियम ज्याने पाळले, त्याचे काम साध्या फाइलींतही सुरळीत चालते. ज्याने पाळले नाहीत, त्याला महागडे ॲपही उपयोगी पडत नाही.

नियम ठरल्यावर साधनांचा विचार करावा. संशोधनलेखनात कामे तीन असतात: संदर्भ सांभाळणे, टिपणे ठेवणे आणि आराखडा बांधणे. तिन्ही एकाच ॲपमध्ये कोंबण्याच्या हौसेतून बहुतेक घोळ होतात.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून ते २००६ मध्ये आले. ते मोफत आहे, त्याचा आज्ञावलीस्रोत खुला आहे आणि ते संगणकावर इंटरनेटशिवाय चालते. पुस्तकाची नोंद एकदा केली की तळटीप आणि संदर्भसूची त्यातूनच तयार होते. पीडीएफवर खुणा करून त्या पृष्ठक्रमांकासह टिपणात उतरवता येतात. मराठी ग्रंथांच्या नोंदी मात्र बहुधा हातानेच भराव्या लागतात. ते कष्ट पहिल्या दिवसापासून घ्यावेत.

टिपणांसाठी निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावा: माझे टिपण कुठे साठते? ऑब्सिडियन किंवा लॉगसेक यांसारख्या ॲपमध्ये टिपणे आपल्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात. उद्या ॲप बंद पडले तरी त्या कोणत्याही संगणकावर उघडतात. नोशन किंवा एव्हरनोट यांची मांडणी वेगळी. तिथे मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि अटी कंपनी ठरवते. डिसेंबर २०२३ मध्ये एव्हरनोटने मोफत खात्यावर ५० टिपणे आणि एक वही अशी मर्यादा घातली. कंपनीला तो अधिकार आहे, पण प्रबंधाच्या मध्यावर असलेल्या विद्यार्थ्याला असा बदल परवडत नाही. जिथून सर्व टिपणे एका झटक्यात बाहेर काढता येत नाहीत, तिथे ती ठेवूच नयेत.

हा धडा मराठीने एकदा फार महागात घेतला आहे. युनिकोड रूढ होण्याआधी मराठी मजकूर आयएसएम, श्रीलिपी अशा प्रणालींच्या फाँटांत टंकित होत असे. प्रत्येकाची संकेतव्यवस्था वेगळी. फाँट नसेल तर त्या फाइलीत आज निरर्थक चिन्हांची रांग दिसते. लेखकांच्या हस्तलिखित वह्या वाचता येतात आणि त्यांच्याच फाइली वाचता येत नाहीत, अशी अवस्था अनेक घरांत आणि संस्थांत आहे. म्हणून टिपण युनिकोडमध्येच हवे आणि साध्या फाइलीतच हवे. यात तडजोड नको.

युनिकोड आले तरी देवनागरीतील शोधाचा प्रश्न उरतो. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना तो एकसारखा दिसतो, पण यंत्रासाठी ती दोन वेगळी अक्षरे असतात. मोबाइलवर एका कळफलकाने आणि संगणकावर दुसऱ्या कळफलकाने टंकले, तर शोधात निम्मी टिपणे गळू शकतात. ‘ॲप’मधील पहिल्या अक्षराची हीच गत. अंक देवनागरीत लिहिले आणि इंग्रजी अंकांनी शोधले, तर वनहक्क दाव्याचा क्रमांक सापडेलच असे नाही. ॲप कायम करण्यापूर्वी दहा-पंधरा टिपणे आपल्या दोन्ही कळफलकांवर टंकून शोधून पाहावीत आणि अंकांची एकच पद्धत ठरवून टाकावी. या चाचणीला अर्धा तास पुरतो.

आराखड्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. मुद्दे उपमुद्द्यांत मांडणे आणि वरखाली हलवणे, ही सोय डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्येच संगणकावर करून दाखवली होती. आज ती वर्डमध्ये आणि मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये आहे. प्रकरणांना आणि उपप्रकरणांना शीर्षकाची शैली लावली की वर्डच्या नेव्हिगेशन पेनमध्ये आणि लिब्रेऑफिसच्या नेव्हिगेटरमध्ये सगळा सांगाडा दिसतो. तिथे शीर्षक उचलून वर नेले की त्याखालचा मजकूर त्याच्यासोबत जातो. आपल्याकडे बहुतेक प्रबंधांची शीर्षके नुसती ठळक करून मोठ्या अक्षरांत टंकलेली असतात. त्यामुळे ही सोय हाताशी असून वापरली जात नाही आणि अनुक्रमणिका शेवटच्या आठवड्यात हाताने करावी लागते.

बोलीभाषांवर काम करणाऱ्यांना दोन साधने आणखी लागतील. नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेचे इलॅन ध्वनिमुद्रणातील नेमक्या क्षणाशी लिप्यंतर जोडते. एसआयएल या संस्थेचे फील्डवर्क्स शब्दसंग्रह आणि व्याकरणविश्लेषण सांभाळते. दोन्ही मोफत आहेत. मावचीतला एकच उच्चार दोन जण देवनागरीत दोन प्रकारे लिहितात. अशा वेळी लिहिलेल्या शब्दाशी मूळ आवाज जोडलेला असेल, तरच पुढच्या अभ्यासकाला पडताळा घेता येईल.

दोन खबरदाऱ्या मात्र कोणत्याही साधनासोबत आवश्यक आहेत. एक, प्रती तीन: संगणकावर, पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या जागी. दुसरी खबरदारी माणसांविषयीची. ज्यांनी विश्वासाने जमिनीची, आजाराची किंवा घरातली माहिती दिली, त्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय परक्या सर्व्हरवर जाता कामा नयेत. टिपणात संकेतक्रमांक लिहावा आणि नावांची यादी वेगळी, कुलुपात ठेवावी.

हे सारे विद्यार्थ्याने एकट्याने, चुका करत शिकावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे आणि संशोधनपद्धती त्यात येते. गृहीतक, नमुना निवड आणि सांख्यिकी तिथे शिकवली जाते. टिपण कसे करावे, ते कुठे ठेवावे आणि त्यातून प्रकरण कसे उभे करावे, हेही तिथेच, संगणकापुढे बसवून शिकवले पाहिजे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे सांभाळणाऱ्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने याची सुरुवात करावी. देवनागरीतून आणि बोलींतून काम करणाऱ्यांची गरज या विद्यापीठाइतकी जवळून क्वचितच कोणाला दिसत असेल. वर सांगितलेल्या साधनांपैकी वर्ड सोडले तर जी घ्यायला सुचवली आहेत, त्यांना खर्च नाही. लागतो तो एका प्रयोगशाळेचा वेळ आणि शिकवणारा माणूस. तेवढे विद्यापीठाने द्यावे, आणि विद्यार्थ्याने आपले पुढचे टिपण ग्रंथाचे नाव व पृष्ठक्रमांक लिहूनच सुरू करावे.