जमिनीचा मोबदला आणि लेकीबाळींचा वाटा

वाचकहो, आपल्या मासिकांत बहुधा पीक, खत, पाणी आणि बाजार ह्या विषयांवरच लेख येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या जमिनीवर हें सर्व उभें आहे, त्या जमिनीच्या कागदाविषयीं आपण फारसें बोलत नाहीं. प्रस्तुत लेखकानें उमेदीचीं सर्व वर्षें महसूल खात्यांत कारकुनींत घालविलीं. माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें. पांडित्य सांगण्याचा अधिकार मला नाहीं. पण फेरफाराच्या नोंदवह्या मीं पुष्कळ चाळल्या आहेत, आणि घराघरांतील जें त्या वह्यांत दिसतें तें शेताच्या बांधावर उभें राहून दिसत नाहीं. त्यांपैकीं एका गोष्टीविषयीं आज स्पष्ट लिहावयाचें ठरविलें आहे. कोणास कडू लागल्यास क्षमा असावी.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला. पण जालन्याची पेठ त्याहून फार जुनी. "जालना सोने का पालना" असें वडील माणसें म्हणत आलीं तें उगाच नव्हे. तथापि गेल्या दोन पिढ्यांत जो पालट झाला तो मागील दहा पिढ्यांनीं पाहिला नसेल. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं ह्याच शहरांत महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली, आणि थोड्याच वर्षांत कापसाचें घरचें बीं राखून ठेवण्याची चाल आपल्याकडून गेली. शहराबाहेर लोखंडी सळयांचे कारखाने उभे राहिले. बैलांच्या दावणी रिकाम्या झाल्या आणि दारीं ट्रॅक्टर आला. आपल्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कडवंचीसारख्या कोरडवाहू गांवानें पाणलोटाचीं कामें करून, शेततळीं खोदून द्राक्षाचे मळे उभे केले. हें सर्व नवें आपण आनंदानें स्वीकारलें. "वाडवडिलांनीं असें केलें नव्हतें" अशी हरकत बियाण्याविषयीं, यंत्राविषयीं किंवा ठिबकाविषयीं घेऊन बसणारा शेतकरी मला तरी फारसा भेटला नाहीं.

त्यानंतर आला समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता आपल्या जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. प्रथम भूसंचयाची योजना निघाली. तीस शेतकऱ्यांनीं विरोध केल्यावर सरळ खरेदीचा मार्ग धरण्यांत आला आणि मोबदला बाजारभावाच्या पांच पटीपर्यंत गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण रस्ता चालू झाला. आतां जालन्याहून नांदेडकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचें प्रकरण चाललें आहे. रस्ता चांगला कीं वाईट हा आजचा विषय नव्हे. विषय हा कीं, ज्या कोरडवाहू रानाचें मोल आपण खंडी-पायलींत मोजीत होतों, त्याचें मोल एका रात्रींत लाखांत मोजलें जाऊं लागलें. आणि त्याबरोबर घरांतील एक जुना प्रश्न उघडा पडला. तो म्हणजे बहिणीच्या सहीचा.

बाप वारला कीं दिवस होतात न होतात तोंच भाऊ बहिणीस बोलावून घेतात. गोडधोड होतें, साडीचोळी होते आणि मग हक्कसोडपत्रावर तिची सही होते. मुद्रांकाचा खर्च अल्प, कारण रक्ताचें नातें. सातबाऱ्यावरून तिचें नांव उतरतें, किंवा मुळांत चढतच नाहीं. तिनें कागद वाचलेला नसतो. तो तिला वाचून दाखविण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. ह्यास आपण परंपरा म्हणतों. परंतु जुन्या कागदांत पाहिलें तर लेकीस चोळीबांगडीसाठीं म्हणून जमीन तोडून दिल्याच्या नोंदीही सांपडतात. म्हणजे लेकीस कांहींच द्यावयाचें नाहीं ही आपली परंपरा नव्हे. थोडें देण्याची परंपरा होती, तीही आपण सोईनें विसरलों.

कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगतों. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें वडिलांच्या हिश्शांत मुलीस मुलाइतकाच वाटा दिला. १९९४ सालीं महाराष्ट्रानें वडिलार्जित मिळकतींतही मुलीस जन्मतः भागीदार केलें. मात्र त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशास लागू झालेल्या दुरुस्तीनें तो भेदही ठेवला नाहीं. त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम आहेत. मुसलमान बांधवांच्या शरीयतेंत तर मुलीचा वाटा शतकानुशतकें सांगितलेला आहे. परंतु जमिनीच्या कागदावर तेथेंही बहुधा हीच गत दिसते.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचें सांगितलें पाहिजे. २००९ सालीं माझे वडील वारले. आमची सात एकर कोरडवाहू जमीन. आम्ही दोघे भाऊ आणि आमची थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतों. त्या वर्षीं आक्का भाऊबीजेस आली. हक्कसोडाचा मसुदा मींच लिहिला. घरांत माझें अक्षर चांगलें, आणि कायदाही मलाच ठाऊक! सुट्टी संपतांच तिला नोंदणी कचेरींत नेलें. "आक्का, वाचून तर पाहा," असें मी तोंडदेखलें म्हणालों. ती म्हणाली, "अरे, तूंच लिहिलास ना? मग मीं काय वाचायचें?" येतांना तिला एक साडी घेतली.

२०१७ सालीं त्या जमिनींतील अडीच एकर रस्त्यांत गेली. रक्कम आम्हां दोघां भावांच्या खात्यांत निम्मी-निम्मी जमा झाली. पुढच्याच वर्षीं दाजींचें दुखणें निघालें आणि आक्कानें माझ्याकडे पन्नास हजार रुपये उसने मागितले. मीं दिले, आणि दिले म्हणून मनांत स्वतःस मोठा समजलों. एके रात्रीं कारकुनाच्या संवयीनें हिशेब मांडला, तेव्हां दिसलें कीं, तिनें जे उसने म्हणून मागितले ते तिच्याच वाट्याच्या रकमेचा एक लहानसा अंश होते. उसनें आम्हींच तिचें घेतलें होतें, तेंही तिला न सांगतां. मीं माझ्या रकमेचा तिसरा भाग तिच्या खात्यांत भरला. धाकट्याचें म्हणणें, कागद पक्का आहे; त्यास अद्याप पटलेलें नाहीं, आणि मी त्याच्याशीं बोलणें सोडलेलें नाहीं. आक्का पैसे घेतांना कांहीं बोलली नाहीं. परंतु त्यानंतर माहेरीं आली तेव्हां बऱ्याच वर्षांनीं ती आमच्याबरोबर शेतावर आली आणि उरलेलें रान पाहून गेली.

ह्यावर दोन हरकती नेहमीं निघतात. पहिली अशी कीं, लेकींस वाटे दिले तर जमिनीचे तुकडे होतील. तुकड्यांचें भय खरें आहे. १९७०-७१ सालीं महाराष्ट्रांत सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टरांवर आली. परंतु ह्या पंचेचाळीस वर्षांत आपल्या गांवांत किती घरांनीं लेकींस वाटे दिले, हें ज्यानें त्यानें बोटांवर मोजून पाहावें. तुकडे पाडले ते भावाभावांनीं, आणि दोष मात्र लेकींच्या माथीं! शिवाय वाटा देणें म्हणजे बांध घालणेंच नव्हे. त्याचा विचार पुढें केला आहे.

दुसरी हरकत अशी कीं, वाटा मागणाऱ्या बहिणीचें माहेर तुटतें. मी विचारतों, तें तोडतो कोण? मागणारी कीं न देणारा? ज्या माहेराचा उंबरठा एका सहीवर टिकून आहे, तें माहेर कीं सावकाराची पेढी? आणि ह्या रीतीची दुसरी बाजूही पाहावी. आज आपल्या बहिणीची सही घेणारा उद्यां बायकोस तिच्या भावाकडे वाटा मागावयास पाठवितो, असेंही मीं कचेरींत पाहिलें आहे. दोन्ही ठिकाणीं बाईस कोणी विचारीत नाहीं.

हा पेंच आपल्याच पुढें आहे असें नाहीं. चीन देशांत १९७८ च्या अखेरीस अन्हुई प्रांतांतील शियाओगांग गांवच्या १८ शेतकऱ्यांनीं सामुदायिक जमीन घराघरांत कसावयास वांटून घेण्याचा गुप्त करार केला, आणि पुढें तीच पद्धत साऱ्या देशांत आली. जमिनीची मालकी तेथें गांवसमूहाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. पुढें शहरें वाढलीं, कारखाने आले, शेतांचा मोबदला गांवांत आला. तेव्हां अनेक गांवांनीं असें ठरविलें कीं, लग्न होऊन परगांवीं गेलेल्या मुलीस ह्यांत हिस्सा नाहीं. वर्षानुवर्षें त्या बायका कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या. अखेर १ मे २०२५ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें, स्त्री अविवाहित, विवाहित, घटस्फोटित वा विधवा आहे एवढ्या कारणावरून गांवसमूहांतील तिचा हक्क हिरावूं नये, असें स्पष्ट केलें. देश वेगळा, राज्यव्यवस्था वेगळी, जमिनीचा कायदाही वेगळा. परंतु पैसा आला कीं रूढीचें नांव पुढें करून लेकीस बाजूस सारणें मात्र सारखेंच. ह्यावरून असें दिसतें कीं, जिला आपण परंपरा म्हणतों ती पुष्कळदां केवळ आपली सोय असते.

मी परंपरेचा शत्रु नव्हे. भाऊबीज राहावी, पोळा राहावा, अडल्या शेजाऱ्यासाठीं इर्जिक घालण्याची रीत तर नव्यानें सुरू व्हावी. जें राखावयाचें तें प्रेम राखावें. फसवणूक राखूं नये. एतदर्थ अनुभवावरून कांहीं सूचना करितों.

पहिली : घरचा कर्ता वारल्यावर तीन महिन्यांच्या आंत वारसाची वर्दी द्यावी, आणि तींत सर्व वारसांचीं, म्हणजे आई, बहिणी व भाऊ ह्या सर्वांचीं नांवें लिहावीं. नांव लागल्यानें कोणाची जमीन पळून जात नाहीं.

दुसरी : वर्षश्राद्ध होईपर्यंत हक्कसोडाचा विषय काढूं नये. नंतर काढल्यास बहिणीच्या घरीं जाऊन, तिच्या मुलांसमक्ष, जमिनीची आजची किंमत सांगून कागद वाचून दाखवावा. इतकें झाल्यावरही तिनें आपखुशीनें वाटा सोडला तर ती तिची उदारता होय. न वाचतां झालेल्या सहीस उदारता म्हणतां येत नाहीं.

तिसरी : ज्या जमिनीवर संपादनाची नोटीस आली आहे तिच्यापुरतें हक्कसोडपत्र करूंच नये. हिश्शाचा तंटा झाला तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि वर्षेंच्या वर्षें अडकून पडते. भाऊही उपाशी, बहीणही उपाशी. घरांतला निवाडा घरांत आधीं व्हावा.

चौथी : जमीन राखावयाची असेल तर नांवें सामाईक ठेवावीं, कसणाऱ्यानें कसावी आणि बहिणीस दरसाल ठरलेला खंड द्यावा, अथवा तिच्या वाट्याची किंमत हप्त्यानें फेडून मग तो भाग रीतसर आपल्या नांवें करून घ्यावा. जें ठरेल तें लिहून ठेवावें. तोंडच्या शब्दास पुढची पिढी साक्षी नसते.

पांचवी : हातीं आलेल्या मोबदल्यांतून प्रथम कर्ज फेडावें, मग पाण्याची सोय करावी, आणि बंगला व मोटार ह्यांचा विचार सर्वांत शेवटीं करावा. २०१२-१३ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागांचें सरपण झालें. कडवंचीच्या शेततळ्यांनीं मात्र द्राक्षबागा तगविल्या. जमीन विकून आलेला पैसा पुन्हां जमिनींत, पाण्यांत किंवा मुलामुलींच्या शिक्षणांत गेला तरच तो टिकतो.

शेवटीं आपल्या संघाच्या सभासदांस एक विनंती. पुढील मासिक सभेस येतांना प्रत्येकानें आपल्या खात्याचा आठ-अ चा उतारा बरोबर आणावा. त्यावर कोणाचीं नांवें आहेत हें तर सर्वांस दिसेलच. कोणाचें नांव असावयास हवें होतें आणि नाहीं, हें मात्र ज्याचें त्यानेंच मनाशीं वाचावें. मीं माझा उतारा वाचला तेव्हां झोंप लागली नव्हती. आपणांपैकीं कोणास लागली नाहीं, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.