किल्ली खिशात, मोटार चोराच्या हातात?

लातूर एके काळी कुलपांसाठी ओळखले जाई. किल्ली कनवटीला असली की घरधनी निर्धास्त असे. आज लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर बटन दाबून सुरू होणाऱ्या मोटारी धावतात. किल्ली खिशातून काढावीच लागत नाही. पण अशी मोटार मालकाला नव्हे, किल्लीच्या रेडिओलहरींना ओळखते. दोन चोर उपकरणांच्या साह्याने घरातल्या किल्लीच्या लहरी दारातल्या मोटारीपर्यंत पोचवतात आणि काच न फोडता ती पळवतात. जर्मनीतील ‘एडीएसी’ या मोटारमालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये अनेक गाड्यांवर हे करून दाखवले. तेव्हा रात्री किल्ली झाकणबंद स्टीलच्या डब्यात ठेवावी. डबा मोटारीजवळ नेऊन दार उघडते का, तेही पाहावे. विक्रेत्यांनीही हा धोका गाडी देतानाच सांगायला नको का?