सॅलिसबरीची रीत आणि आपली धास्ती

वेदीसमोर आरती ओवाळली गेली, प्रवेशगीताला मृदंगाची साथ मिळाली, की आमच्या धर्मग्रामांतून एक कुजबुज हमखास ऐकू येते : 'हे रोमचे नव्हे!' जगभर एकच पद्धत हीच कॅथलिकांची खूण आणि जे स्थानिक ते सारे मागाहून घुसडलेले, अशी या कुजबुजीमागची समजूत असते. ती श्रद्धेपोटी आलेली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु तिला इतिहासाचा आधार नाही, हे आम्हांला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. साक्षीसाठी मध्ययुगीन इंग्लंड पुरेसे आहे.

इ. स. १०७५ मध्ये दक्षिण इंग्लंडातील शेरबर्नचे धर्मपीठ सेरमच्या टेकडीवरील गढीत हलविण्यात आले. तेथे १०७८ ते १०९९ या काळात महागुरू असलेल्या संत ऑस्मंड यांनी 'सेरमची रीत' घालून दिली, असे परंपरा मानते. अभ्यासक मात्र तिची घडी बसविण्याचे मोठे श्रेय रिचर्ड पूर यांना देतात. ते १२१७ साली महागुरू झाले. १२२० साली त्यांनी टेकडीखालच्या मैदानात नव्या महामंदिराचा पाया घातला. तेच आजचे सॅलिसबरी.

ही रीत रोमशी फटकून नव्हती. भाषा लॅटिन, मिस्साचा गाभाही रोमनच. पण मिरवणूक कोठून निघावी, कोणते गीत केव्हा गावे, कोणी कोठे उभे राहावे, हे तिने आपल्या मातीत ठरविले होते. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत पवित्र ख्रिस्तशरीर नेले जाई. विवाहविधी चर्चच्या दाराशी सुरू होई, आणि वधूवर आपले वचन लॅटिनमध्ये नव्हे, तर घरच्या इंग्रजीत देत. दुसरी व्हॅटिकन परिषद भरण्यापूर्वी कित्येक शतके हे घडत होते, वाचकहो!

ही रीत पसरली कशी? रोमहून फर्मान सुटले नव्हते. वेल्समधील सेंट डेव्हिड्स, स्कॉटलंडातील ग्लासगो, आयर्लंडातील डब्लिन येथील धर्मपीठांनी ती आपण होऊन उचलली. लंडनच्या संत पॉल महामंदिराने पंधराव्या शतकाच्या आरंभी तिचा स्वीकार केला. कारण साधे होते : येथे सारे नीट लिहून ठेवलेले होते, आणि दुसऱ्या महामंदिराला ते अनुसरता येत होते. १४८७ मध्ये विल्यम कॅक्स्टन यांनी तिचा मिस्साग्रंथ पॅरिसमध्ये छापून घेतला. शेजारीच यॉर्क आणि हेरफर्ड आपापल्या रीती सांभाळून होते. त्यांना कोणी पाखंडी म्हटले नाही. १५७० साली संत पायस पाचवे यांनी रोमन मिस्साग्रंथ सर्वत्र लागू केला, तेव्हाही दोनशे वर्षांहून जुन्या रीतींना त्यांनी मोकळीक ठेवली.

मग सेरमची रीत बुडविली कोणी? रोमने नव्हे. १५४९ साली इंग्लंडच्या राजसत्तेने कायदा करून साऱ्या देशावर एकच इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादले. पेन्टेकॉस्टच्या रविवारी त्याचा वापर सुरू झाला, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी गावच्या लोकांनी आपल्या धर्मगुरूंना जुनीच मिस्सा करायला लावली. बंड पेटले. आमच्यातील कित्येकांना इंग्रजी कळतच नाही, असे कॉर्नवॉलच्या लोकांनी बजावले. सैन्याने बंड चिरडले. हजारो माणसे मारली गेली. मेरी राणीच्या काळात जुनी रीत परतली खरी, पण १५५९ च्या कायद्याने ती पुन्हा बंद झाली.

येथे कोणी म्हणेल, ते लोक तर लॅटिनसाठी लढले! खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दांत मुलांचे बाप्तिस्मे आणि आईबापांचे दफनविधी झाले, ते शब्द हुकमाने हिसकावले गेले म्हणून ते लढले. म्हणूनच आजीच्या ओठांवरची जुनी नोव्हेना एका बैठकीत रद्द करू पाहणाऱ्या उत्साही मंडळींनाही आमचा विरोध आहे.

आपल्या देशातही हा घाव बसलेला आहे. १५९९ साली उदयंपेरूरच्या सभेत गोव्याचे महाधर्मगुरू आलेशो द मेनेझिस यांनी संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांच्या सिरियाक उपासनेवर लॅटिन वळण लादले. १६५३ मध्ये कूनन क्रूसाची शपथ झाली आणि तो समाज दुभंगला. एकसारखेपणाच्या हट्टाने एकी साधली काय?

व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले, की श्रद्धेला बाध येत नसेल तेथे ख्रिस्तसभा ताठर एकसारखेपणा लादू इच्छित नाही. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. पंचांग प्रणाम आणि आरती त्यांत आहेत. तेव्हा 'हे रोमचे नव्हे' ही कुजबुज आता थांबावी.

परंतु आरतीच्या पुरस्कर्त्यांनीही सॅलिसबरीकडे पाहावे. ती रीत पसरली ती शिस्तीमुळे. आमच्याकडे मात्र सिनेमाच्या चालीवर घाईने बसविलेले गीत, सरावाविना वाजणारा तबला, आणि आरती कशासाठी हे ठाऊक नसलेली मुले! धर्मग्रामाच्या उपासना समितीने वर्षभराचा क्रम लिहून काढावा, गायकवृंदाने तो गिरवावा, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याचा अर्थ सांगितला जावा. एवढे झाले, तर शेजारचा धर्मग्राम ती वही स्वतःहून मागायला येईल, असा आम्हांला विश्वास वाटतो.